थंडीत ट्रकची बॅटरी: घरून निघण्यापासून काझीगुंडच्या पहाटेपर्यंत

हिवाळ्यात नाशिकची द्राक्षं किंवा जळगावची केळी घेऊन जम्मू-श्रीनगरकडे जाणाऱ्या आणि येताना सोपोर-पुलवाम्याची सफरचंदं भरून आणणाऱ्या गाड्यांची एक तक्रार ठरलेली असते. घरी एका सेल्फला उठणारी गाडी तिकडे, काश्मीर खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या काझीगुंडला, पहाटे नुसती टकटक करते. मग तिथल्या तिथे, मिळेल त्या भावात नवी बॅटरी घेतली जाते आणि बहुतेक वेळा जोडीतली एकच बदलली जाते. दोन महिन्यांत तीही बसते.

शून्य अंशाला बॅटरीची इंजिन फिरवण्याची ताकद साधारण दोन तृतीयांश उरते आणि उणे १८ ला जेमतेम ४० टक्के. त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला दुप्पट जोर लागतो. पण अशा बॅटरीचं खरं नुकसान बहुतेकदा आधीच्या एप्रिल-मे महिन्यात झालेलं असतं. खानदेश-मराठवाड्याच्या ४३-४५ अंशांत प्लेटांची जाळी गंजते आणि पाणी उडतं. आपल्याकडच्या हिवाळ्यात इंजिन सहज फिरत असल्यामुळे ते लक्षात येत नाही. म्हणून बॅटरीचं काम घरी, निघायच्या किमान आठवडाभर आधी सुरू करायचं. बदलायचीच वेळ आली तर आपल्या ओळखीच्या दुकानातून, वॉरंटीसह, सावकाश बदलता येते.

खालची पद्धत १२-१२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्टवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. आपल्याकडचे बहुतेक दहा चाकी, बारा चाकी आणि ट्रेलर असेच असतात. टप्प्यांचा क्रम मोडू नका. बहुतेक चुका कामात कमी आणि क्रमात जास्त होतात: चार्ज न करता मोजणं, पाणी टाकून रात्रभर उभं करणं, केबल न बघता बॅटरी बदलणं.

## टप्पा १ : सामान जमवा

मल्टिमीटर, हायड्रोमीटर (ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ते किती जड आहे, हे दाखवणारी नळी), डिस्टिल्ड वॉटर, खाण्याचा सोडा, तारेचा ब्रश, पेट्रोलियम जेली, टर्मिनलच्या मापाचे पाने, रबरी हातमोजे, चष्मा. मल्टिमीटरला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा धरून ठेवणारं बटण असेल तर उत्तम, पुढे त्याचा उपयोग आहे. डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर वायरमनकडून एका दिवसापुरता मागून घ्या. पान्याच्या मधल्या भागाला इन्सुलेशन टेप गुंडाळा. अंगठी, कडं आणि घड्याळ काढून ठेवा. प्लस आणि चासीच्या मध्ये कडं आलं तर ते क्षणात लाल होतं.

सावधान: चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ विडी, काडी, ग्राइंडर, वेल्डिंग काहीही नको. ॲसिड डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं डोळा धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.

## टप्पा २ : बॅटऱ्या सोडवा, आधी मायनस

1. इंजिन बंद करा, चावी काढा. बीएस-६ गाडी असेल तर इथे थांबायचं. चावी बंद झाल्यावर ॲडब्लूचा (धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाचा) पंप पाइपमधलं द्रव मागे टाकीत ओढून घेतो. त्या आधीच कट-ऑफ स्विच (बॅटरी गाडीपासून तोडणारा) पाडला किंवा टर्मिनल काढलं तर द्रव पाइपात आणि नोजलमध्ये राहतं. ॲडब्लू उणे ११ अंशांना गोठतं, म्हणजे थंड भागात ही घाई फारच महागात पडते. किती वेळ थांबायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पुस्तक हाताशी नसेल तर पंपाचा आवाज पूर्ण थांबून आणखी काही मिनिटं जाऊ द्या.
2. चासीला जाणारी मायनस केबल सर्वांत आधी काढा.
3. मग दोन बॅटऱ्यांना जोडणारी मधली पट्टी किंवा केबल.
4. शेवटी सेल्फकडे जाणारी प्लस.

केबल सोडवण्याआधी मोबाइलवर जोडणीचा एक फोटो काढून ठेवा. कोणती बॅटरी चासीच्या बाजूची आणि कोणती सेल्फच्या बाजूची, ते खडूने लिहा. ही खूण टप्पा ६ मध्ये कामी येते.

टर्मिनल घट्ट बसलं असेल तर हातोडीने ठोकू नका. आतला पोल हलला की बॅटरी बाहेरून धडधाकट दिसते आणि लोड आला की कोसळते. बोल्ट पूर्ण सैल करा, कोमट पाणी टाका, मग पुलरने किंवा हलक्या हाताने फिरवून काढा.

## टप्पा ३ : आधी धुणं, मग पाण्याची पातळी

झाकणं घट्ट बंद आहेत याची खात्री करून वरचा भाग सोड्याच्या पाण्याने धुवा, नंतर साध्या पाण्याने, आणि कोरडा पुसा. सोड्याचा थेंबही सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या सहा कप्प्यांत, जाता कामा नये. वर साचलेल्या ओलसर काळ्या थरातून प्लस-मायनसमध्ये बारीक करंट सतत वाहत राहतो आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरवतो.

आता झाकणं उघडून पातळी बघा. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आत्ता टाका. वरच्या खुणेपर्यंत भरणं चार्ज झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येऊन बॅटरीचा डबा खाऊन टाकतं.

सावधान: काही दुकानांत "थंडीत जायचंय, थोडं ॲसिड टाकून देतो, ग्रॅव्हिटी वाढेल" असं सुचवतात. नाही म्हणा. आकडा वाढतो, पण चार्ज वाढत नाही आणि प्लेटा लवकर संपतात. ॲसिड फक्त सांडलं असेल तेव्हाच, तेही त्याच ग्रॅव्हिटीचं भरायचं. एरवी उडतं ते पाणीच.

## टप्पा ४ : प्रत्येक बॅटरी वेगळी चार्ज करा

दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये ठेवून २४ व्होल्टच्या चार्जरला लावणं सोपं वाटतं, पण त्यात सशक्त बॅटरी आधी भरून उकळायला लागते आणि अशक्त अर्धवट राहते. हंगामाच्या सुरुवातीला तरी १२ व्होल्टच्या चार्जरवर एकेक बॅटरी वेगळी चार्ज करा.

करंट क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा ठेवा. १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीला १५ अँपिअर. "दोन तासांत करून देतो" म्हणणारा जादा करंट देऊन प्लेटा तापवतो. अर्ध्या उतरलेल्या बॅटरीला आठ-दहा तास लागतात, तेवढे द्या. बॅटरीला हात लावून बघत राहा. हाताला चांगलीच गरम लागली तर करंट कमी करा.

तपासा: चार्ज पूर्ण झाला हे घड्याळावरून कळत नाही. तासातासाने तीनदा ग्रॅव्हिटी घ्या. तिन्ही वेळा आकडा तोच आला तरच बॅटरी भरली. मग वरच्या खुणेपर्यंत पाणी भरून आणखी थोडा वेळ चार्जर चालू ठेवा, म्हणजे नवं पाणी ॲसिडमध्ये मिसळेल.

मेंटेनन्स-फ्री बॅटरीला झाकणं नसतात. तिथे ग्रॅव्हिटी घेता येत नाही, व्होल्टवरच भागवावं लागतं. वरचा हिरवा डोळा फक्त एका सेलची स्थिती दाखवतो, आणि बॅटरी पूर्ण भरलेली नसली तरी तो हिरवा असू शकतो. त्याच्या भरवशावर घाट चढू नका.

## टप्पा ५ : मोजणी

सगळ्यात जास्त गफलत होते ती इथे, म्हणून हा टप्पा नीट वाचा.

व्होल्ट. चार्जर काढल्या काढल्या किंवा इंजिन बंद केल्या केल्या घेतलेला आकडा खोटा असतो. प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज तो फुगवतो. बॅटरी रात्रभर सुटी ठेवून सकाळी मोजा. तेवढा वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून, बंद करून, दहा मिनिटांनी मोजा.

पूर्ण भरलेली बॅटरी १२.५ ते १२.७ व्होल्ट दाखवते. हा फरक का? आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी पुष्कळ बॅटऱ्यांत ॲसिड १.२४० च्या आसपास, म्हणजे दुकानात म्हणतात तसं "बाराशे चाळीस", भरलेलं असतं. काहींत ते १.२८० पर्यंत असतं. एका सेलचा व्होल्ट म्हणजे ढोबळमानाने ग्रॅव्हिटी अधिक ०.८४, आणि असे सहा सेल. १.२४० ला साडेबारा येतात, १.२८० ला १२.७. आपल्या बॅटरीच्या कागदावर कोणता आकडा आहे तो एकदा बघून ठेवा, म्हणजे १२.५ बघून विनाकारण घाबरणार नाही. १२.४ च्या खाली मात्र पुन्हा चार्ज करायची, आणि १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी उरली असं धरा.

ग्रॅव्हिटी. सहाही सेलची घ्या आणि कागदावर ओळीने लिहा. कंपनीचे आकडे आपल्याकडे २७ अंशांसाठी दिलेले असतात. ॲसिड त्याहून थंड असेल तर दर दहा अंशांमागे ०.००७ वजा करायचे, गरम असेल तर मिळवायचे. म्हणजे ७ अंशांच्या पहाटे हायड्रोमीटर १.२३० दाखवत असेल तर खरी ग्रॅव्हिटी १.२१६ आहे. थंडीत मोजताना हा हिशोब विसरला की उतरलेली बॅटरी भरलेली वाटते.

सहांपैकी पाच सेल १.२४० वर आणि एक १.१९० वर असेल तर तो सेल गेला. कितीही चार्ज करा, फरक भरून येत नसेल तर ती बॅटरी काश्मीरला न्यायची नाही.

गोठण्याचा धोका याच आकड्यात दडलेला आहे. १.२५० चं ॲसिड उणे ५० पर्यंतही गोठत नाही. १.२०० चं उणे २७ च्या आसपास गोठतं, १.१५० चं उणे १५ ला, आणि पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं १.१०० चं तर उणे ७-८ लाच. चिल्लई कलानच्या, म्हणजे सर्वांत कडक थंडीच्या, चाळीस दिवसांत, २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत, काश्मीर खोऱ्यात पहाटे उणे ५-६ ही नेहमीची गोष्ट. द्रासकडे पारा उणे २० च्याही खाली जातो. भरलेली बॅटरी तिथेही सुरक्षित असते. उतरलेली बॅटरी काझीगुंडलाच फुटू शकते.

लोड टेस्ट. व्होल्ट आणि ग्रॅव्हिटी चांगली असूनही बॅटरी सेल्फचा भार पेलत नाही असं होतं. दुकानात लोड टेस्टर असतो, तो १५ सेकंद लावून घ्या. भार असताना व्होल्ट ९.६ च्या खाली गेला तर ती बॅटरी बदला. दुकान लांब असेल तर टप्पा ७ मध्ये हीच परीक्षा गाडीवर करता येईल.

## टप्पा ६ : जोडीचा हिशोब

सिरीजमधल्या दोन बॅटऱ्यांतून सारखाच करंट जातो, त्यामुळे अशक्त बॅटरी सशक्तलाही खाली ओढते. जुनी-नवी जोडी लावली की अल्टरनेटरचे २८ व्होल्ट दोघींत समान वाटले जात नाहीत. एकीच्या वाट्याला १५ येतात, तिचं पाणी उडतं. दुसरीला १३, ती कायम उपाशी. म्हणून बदलायच्या तर दोन्ही एकदम: तीच कंपनी, तेच एएच, शक्यतो त्याच महिन्याचं उत्पादन.

ही जोडी बिघडवणारी आणखी एक सवय आपल्या गाड्यांत सर्रास दिसते. टेप, मोबाइल चार्जर, केबिनमधला पंखा किंवा छोटा इन्व्हर्टर १२ व्होल्टचा असतो म्हणून एकाच बॅटरीवरून, मधल्या पट्टीवरून वायर घेतली जाते. ती बॅटरी रोज थोडी जास्त उतरते आणि गाडी कितीही चालली तरी पूर्ण भरत नाही. मैदानात हे चालून जातं. पहाटे उणे पाचला चासीच्या बाजूची बॅटरी ११.९ आणि सेल्फच्या बाजूची १२.६ दाखवते, आणि गाडी उठत नाही. टप्पा २ मधली खडूची खूण इथे बोलते: सवय वायरिंगची असेल तर दर वेळी त्याच बाजूची बॅटरी कमी भरते.

उपाय स्वस्त आहे. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवा आणि १२ व्होल्टची सगळी सामग्री त्यावर टाका. मधल्या पट्टीवर एकही वायर ठेवू नका.

तपासा: सुट्या, विश्रांती घेतलेल्या दोन बॅटऱ्यांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. कमी असलेली पुन्हा चार्ज करून दुसऱ्या दिवशी मोजा. फरक परत आला तर जोडी संपली.

## टप्पा ७ : बसवा, मग केबल, अल्टरनेटर आणि गळती बघा

टर्मिनल आणि लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) तारेच्या ब्रशने चकचकीत करा. जोडणीचा क्रम उलटा: आधी सेल्फकडची प्लस, मग मधली पट्टी, शेवटी चासीची मायनस. पेट्रोलियम जेली बोल्ट आवळल्यानंतर वरून लावायची. लोक आधी जेली फासतात आणि मग लग बसवतात, त्यामुळे धातूला धातू नीट भिडत नाही. बॅटरीची पट्टीही आवळा. खराब रस्त्यावर हलणारी बॅटरी आतून झिजते.

मायनस केबल चासीला जिथे बोल्ट केली आहे, तो बोल्टही काढून खालचा रंग-गंज घासा. बॅटरी नवी, सेल्फ नवा, आणि गाडी तरीही जड फिरते, अशा बऱ्याच गाड्यांचा दोष या एका बोल्टमध्ये असतो.

आता तीन मोजण्या:

1. सेल्फ मारताना. मल्टिमीटर एका बॅटरीवर लावून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि सर्वांत कमी आकडा धरून ठेवा. मग दुसऱ्या बॅटरीवर हेच. दोन्ही साडेदहाच्या आसपास राहिल्या तर छान. एक साडेदहा आणि दुसरी नऊ, म्हणजे दुसरी अशक्त. दोन्ही चांगल्या असून सेल्फ जड असेल तर सेल्फ मारताना बॅटरीचा प्लस पोल ते सेल्फचा प्लस बोल्ट असा मीटर लावा. तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर केबल किंवा लग आतून गंजली आहे. मायनस पोल आणि इंजिन ब्लॉक यांच्यातही तसंच बघा.
2. इंजिन चालू असताना. पट्ट्याचा ताण बघा, हेडलाइट लावा, इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास ठेवा. २७.६ ते २८.८ व्होल्ट हवेत. कमी असतील तर थंडीत बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही, कारण थंड बॅटरीला भरायला व्होल्ट थोडे जास्तच लागतात. सतत २९ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर दाखवा.
3. गाडी बंद असताना. मायनस केबलला क्लॅम्प मीटर लावा. सगळं बंद करून, दारं लावून दहा मिनिटांनी आकडा बघा. जीपीएस आणि घड्याळामुळे एक दशांश अँपिअरच्या आसपास काहीतरी दिसेलच. अर्धा अँपिअर दिसला तर फ्यूज एकेक काढून चोर शोधा. जम्मू-श्रीनगर रस्ता बर्फाने किंवा दरड कोसळून बंद झाला की गाड्या काझीगुंड-उधमपूरला दिवसेंदिवस उभ्या राहतात. अर्धा अँपिअर पाच दिवस म्हणजे ६० एएच. १५० च्या बॅटरीतून हे गेलं की थंडीत सेल्फसाठी फारसं काही उरत नाही.

सावधान: "अल्टरनेटर चालतो का बघू" म्हणून चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायची जुनी पद्धत पूर्ण बंद करा. व्होल्टची एक उसळी ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडवते.

## टप्पा ८ : वाटेवर आणि रात्रीच्या मुक्कामी

पाणी टाकायचं तर सकाळी, लांब पल्ल्याला निघण्याआधी. रात्री ढाब्यावर पाणी टाकून झोपू नका. हलकं पाणी ॲसिडवर तरंगत राहतं, गाडी चालल्याशिवाय मिसळत नाही, आणि पहाटे तोच वरचा थर गोठतो.

पंजाबच्या धुक्यात दिवसाही सगळे दिवे, वायपर, ब्लोअर चालू असतात आणि गाडी रांगेत सरकत असते. तेव्हा अल्टरनेटर जेमतेम खर्च भागवतो. असा दिवस गेला असेल तर मुक्कामाआधी तास-दीड तास मोकळ्या रस्त्यावर गाडी चालेल असं नियोजन करा. उभ्या गाडीत अर्धा तास रेस देऊन बॅटरी भरत नाही.

मुक्कामी हा क्रम ठेवा:

1. बॅटरीचा डबा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला येईल अशी गाडी लावा. भिंत किंवा दुसरी गाडी आडोशाला मिळाली तर उत्तम.
2. टेप, चार्जर, सजावटीचे दिवे बंद करा. रात्रभर गाडीवर झगमगणारी एक माळ पहाटेचा सेल्फ खाऊन टाकते.
3. चावी बंद करून ॲडब्लूचा वेळ द्या, मगच कट-ऑफ स्विच पाडा.
4. बॅटरीच्या डब्याला बाहेरून गोणपाट किंवा जाड घोंगडी बांधा. सायलेन्सर तिथून लांब आहे ना ते बघा, आणि वरची हवा जायची फट मोकळी ठेवा. घोंगडी उष्णता तयार करत नाही. दिवसभर चालून कोमट झालेली बॅटरी सावकाश निवावी एवढाच तिचा उपयोग, म्हणून थांबल्याबरोबर बांधायची. मध्यरात्री बांधून काही साधत नाही.

द्रास-कारगिलकडे काही जण बॅटऱ्या उतरवून रात्री खोलीत ठेवतात. एकेक बॅटरी ४० किलोच्या आसपास असते, तरी उणे २० ला ही मेहनत वसूल होते. फक्त बुखारी (खोली तापवणारी शेगडी) असलेल्या बंद खोलीत ठेवू नका. हवा खेळती असलेली पडवी किंवा गोदाम बघा.

सावधान: टाकीखाली किंवा इंजिनखाली शेकोटी, स्टोव्ह, मशाल धरायची पद्धत त्या भागात दिसते. बॅटरीचा डबा टाकीच्या शेजारीच असतो. हायड्रोजन, डिझेल, ताडपत्री आणि केबिनमध्ये झोपलेला क्लीनर, सगळं एका ठिणगीच्या अंतरावर आणू नका.

## टप्पा ९ : पहाटेचा सेल्फ

1. दिवे, ब्लोअर, टेप बंद आहेत ना ते बघा. कट-ऑफ स्विच चालू करा.
2. गिअर न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबा. घट्ट झालेलं गिअरबॉक्सचं ऑइल फिरवायचा भार सेल्फवरून उतरतो.
3. चावी चालूवर आणा आणि हीटरचा (इंजिनात जाणारी हवा तापवणाऱ्या) दिवा विझेपर्यंत थांबा. हा हीटर पुष्कळ करंट घेतो. चावी उगाच तीन-चारदा चालू-बंद केली तर सेल्फ मारायच्या आधीच बॅटरी थकते.
4. सेल्फ दहा सेकंद, फार तर पंधरा. नाही उठली तर सोडा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. या मिनिटात बॅटरी थोडी सावरते आणि सेल्फची वाइंडिंग निवते.
5. असं तीनदाच. चौथ्यांदा मारण्याआधी दोष शोधा.

तपासा: नुसती टकटक किंवा रडत फिरणं म्हणजे दोष बॅटरीत, केबलमध्ये किंवा चासीच्या अर्थिंगमध्ये. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. डिझेलमधलं मेण जमून फिल्टर चोंदलेला असतो. आपल्याकडून भरून नेलेलं डिझेल तिकडच्या थंडीसाठी बनवलेलं नसतं. टाकी जम्मूच्या अलीकडे रिकामी होत येईल असं बघा आणि पुढचं डिझेल तिकडचंच भरा. लडाखसाठी २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास हिवाळी डिझेल मिळतं.

हीटर असलेल्या इंजिनात एअर फिल्टरवर ईथरचा स्प्रे मारू नका, मॅनिफोल्डमध्ये स्फोट होतो. भरलेल्या गाडीला धक्का मारणं किंवा उतारावर सोडून गिअर टाकणंही नको. हवा भरल्याशिवाय ब्रेक नाहीत, आणि खाली बर्फ आहे.

गाडी उठली की लगेच रेस देऊ नका. ऑइलचा दाब आणि हवा भरेपर्यंत थांबा. ब्लोअर आणि दिवे पाचेक मिनिटांनी लावा.

## टप्पा १० : दुसऱ्या गाडीवरून जंपर

आधी तपासा: बॅटरी गोठली आहे का? बॅटरीच्या भिंती फुगलेल्या, तडा गेलेला, झाकण उघडल्यावर आत बर्फाचा चुरा, यांतलं काहीही दिसलं तर जंपर आणि चार्जर दोन्ही बंद. वरून गरम पाणीही ओतू नका. उतरवून उबदार, हवेशीर जागी आपोआप वितळू द्या. मग तडा बघा. बहुतेक वेळा ती बॅटरी परत कामाची नसते.

गोठलेली नसेल तर पुढचा क्रम:

1. देणारी गाडीही २४ व्होल्टचीच हवी. जीप किंवा टेम्पो १२ व्होल्टचा असतो, त्याने ट्रक उठत नाही. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत.
2. प्लस म्हणजे सेल्फकडे जाणारा शेवटचा पोल. मधल्या पट्टीवर चिमटा लावला तर १२ व्होल्टच मिळतात, आणि अंधारात नेमकी हीच चूक होते. मीटरने खात्री करा.
3. पहिला चिमटा आपल्या प्लसला, दुसरा देणाऱ्या गाडीच्या प्लसला, तिसरा तिच्या मायनसला.
4. चौथा आपल्या चासीच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी शेवटच्या जोडणीलाच उडते, ती हायड्रोजनपासून दूर हवी.
5. देणारी गाडी दहा-पंधरा मिनिटं थोड्या वाढीव आरपीएमवर चालू ठेवा. लगेच सेल्फ मारू नका. आधी आपली बॅटरी थोडी भरू द्या.
6. गाडी उठल्यावर उलट्या क्रमाने काढा: आधी आपल्या चासीचा चिमटा.

केबल बोटाएवढी जाड हवी. बारीक जंपर वायर तापून वितळते आणि सेल्फपर्यंत करंट पोचत नाही.

जंपरने उठलेली गाडी दिवसभर चालली तरी बॅटरी पूर्ण भरेलच असं नाही. थंड बॅटरी करंट सावकाश घेते. उधमपूर, जम्मू किंवा पठाणकोटला उतरल्यावर दुकानात रात्रभर चार्जला लावा. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत बरेच दिवस राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि ती क्षमता पूर्ण परत येत नाही.

## टप्पा ११ : परत आल्यावर

सफरचंद वाशीला किंवा पुण्याला उतरवून गाडी घरी आली की त्याच आठवड्यात टप्पा ३ ते ५ पुन्हा करा: धुणं, पाणी, वेगवेगळा चार्ज, सहा सेलची ग्रॅव्हिटी. निघण्याआधी लिहिलेल्या कागदाशेजारी नवे आकडे लिहा. सगळे सेल सारखेच थोडे खाली आले असतील तर चार्ज कमी पडला होता, अल्टरनेटरचे व्होल्ट पुन्हा बघा. एकच सेल खाली गेला असेल तर त्या बॅटरीवर नजर ठेवा आणि वॉरंटीचा कागद शोधून ठेवा. वॉरंटी असताना दावा करायचा तर तो मार्चमध्येच, उन्हाळा सुरू होण्याआधी.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मायनस काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा दोन्ही बॅटऱ्या चार्ज करा. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला न विकता नवी घेताना दुकानातच परत द्या. शिशाची किंमत बिलातून वजा होते, आणि ॲसिड गटारात जात नाही.

मार्चपासून दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी बघा. पुढच्या डिसेंबरची बॅटरी या उन्हाळ्यातच टिकवायची असते, आणि त्यासाठी लागतं ते बहुतेक वेळा फक्त लिटरभर डिस्टिल्ड वॉटर.